खिचडीवर राग का?

खान्देशातल्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. मथळा आहे, 'पाणी घातलेली सुवार्ता'. मतलब असा की ख्रिस्ती विश्वासाची ओळख करून देणारे अल्फासारखे 'जेवा, ऐका, बोला' छापाचे कोर्स मंडळ्या पोकळ करताहेत, म्हणून ते बंद करा आणि जुन्या मिशनऱ्यांसारखी रोखठोक सुवार्ता परत आणा. खाली नेहमीप्रमाणे 'किमान दहा विश्वासणाऱ्यांना पाठवा'.

मेसेजमागची कळकळ खोटी नाही. बाप्तिस्मा घेतलेली माणसं दोन वर्षांनी मंडळीत दिसत नाहीत, हे भुसावळपासून नवापूरपर्यंत कुठल्याही पाळकाला विचारा, तो मान डोलावेल. पण मेसेजवाल्यांनी जिथे बोट ठेवलंय, तिथे दुखणं नाही.

त्यांचा पहिला वार जेवणावर आहे. 'जेवण घालून बोलावणं ही लाच आहे, प्रभूने कुणाला ताट दाखवून बोलावलं नाही.' प्रभूबद्दल परूश्यांची, म्हणजे त्या काळच्या कर्मठ यहुदी धर्मपुढाऱ्यांची, तक्रार नेमकी काय होती? हा पाप्यांना जवळ करतो आणि त्यांच्या पंक्तीला बसतो. लूकच्या १५ व्या अध्यायाची सुरुवातच त्या कुरकुरीने होते. लेवी या जकातदाराच्या घरी तो पंगतीला बसला, जक्कय या दुसऱ्या जकातदाराकडे तर आपणहून पाहुणा म्हणून गेला. योहान ६ मध्ये भाकरीसाठी मागे लागलेल्यांना त्याने सुनावलं, हेही खरं. पण सुनावलं ते पोटभर खाऊ घातल्यानंतर. आणि 'तांदळापायी धर्म बदलतात' हा टोमणा आपण बाहेरून ऐकतोच, तो घरच्यांनीच घरच्यांना मारायची काय गरज? ताटभर खिचडी-कढीसाठी आमच्याकडे कुणी बापजाद्यांचा देव सोडत नाही. नोकरीचं, फीचं, रेशनचं आमिष दाखवलं तर तो वेगळा मामला, आणि तो निषेधाचाच. त्याचा कोर्सशी संबंध नाही.

'या कोर्समध्ये पाप, शिक्षा हे शब्दच नाहीत.' हा मुद्दा लिहिणाऱ्याने कोर्स बघितलेला नाही, एवढंच मला म्हणता येतं.

अल्फाची सुरुवात लंडनमधल्या होली ट्रिनिटी ब्रॉम्प्टन या अँग्लिकन चर्चमध्ये १९७७ साली झाली. चार्ल्स मार्नहॅम यांनी तो नवख्या विश्वासणाऱ्यांसाठी काढला. १९९० मध्ये निकी गम्बेल यांनी सूत्रं हाती घेतली आणि चर्चची पायरी न चढलेल्यांकडे त्याचं तोंड वळवलं. साधारण दहा-अकरा आठवडे चालतो. जेवण, मग व्याख्यान, मग लहान गटात चर्चा. त्यात 'येशू का मरण पावला?' या विषयाला एक अख्खी बैठक आहे, आणि गम्बेल यांची त्यातली मांडणीच पापावर उभी आहे. पापाचा मळ, पापाची सत्ता, पापाची शिक्षा आणि पापामुळे देवाशी झालेली ताटातूट, असे चार भाग. शब्दच नाहीत, हे धादांत खोटं आहे.

अल्फावर अभ्यासू टीका झालेलीच नाही असं मात्र नाही. ब्रिटनमधल्याच काही सुवार्तावादी मंडळींनी म्हटलं की यात पाप म्हणजे आपल्या आयुष्याची झालेली नासाडी हे ठसतं, पण देवाविरुद्धचा अपराध हे तेवढं ठसत नाही. पवित्र आत्म्याला सबंध शनिवार-रविवार, आणि पश्चात्तापाला तेवढी जागा नाही, हीही तक्रार. मला ती बरीचशी पटते. लंडनच्याच ऑल सोल्स, लँगहॅम प्लेस या चर्चमधून रिको टाइस यांच्या पुढाकाराने 'ख्रिश्चॅनिटी एक्सप्लोर्ड' हा दुसरा कोर्स आला. त्यात मार्काचं शुभवर्तमान हाती देतात आणि पाप, कृपा, क्रूस त्या पुस्तकातूनच पुढे येतात. आता गंमत बघा. हा जास्त कडक कोर्सही सहसा जेवण, व्याख्यान आणि गटचर्चा असाच चालतो. म्हणजे ज्यांना मजकूर पातळ वाटला त्यांनी मजकूर घट्ट केला, पंगत नाही उठवली.

आपल्याकडे मजकूर पातळ होतो तो बहुधा गटप्रमुखाच्या हातून. पाहुणे आलेत, कशाला कडू बोलायचं, म्हणून ती क्रूसाची बैठक अर्ध्यावर गुंडाळतात आणि साक्षींवर, म्हणजे स्वतःच्या अनुभवकथनांवर, वेळ काढतात. मेसेजमध्ये हे एका ओळीत जरी असतं, तरी मी तो पुढे पाठवला असता.

तिसरं, 'जुने मिशनरी चौकात उभे राहून थेट सांगायचे आणि लोक तिथल्या तिथे पश्चात्ताप करायचे.' कोणते जुने मिशनरी? फ्रेडरिक फ्रान्सन यांनी १८९० मध्ये शिकागोत स्थापलेल्या स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनची माणसं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पश्चिम खान्देशात आली. बाजारात, यात्रेत उभं राहून ती बोलली, हो. पण त्याबरोबर भाषा शिकण्यात वर्षं घातली, शाळा काढल्या, दवाखाने चालवले. नवापूर तालुक्यात चिंचपाड्याच्या ख्रिस्ती दवाखान्यात बाळंत झालेल्या बाया आजही भेटतील. त्या दारात पाय ठेवायच्या आधी त्यांना कुणी नरकावर प्रवचन दिलं नव्हतं. एकीकडे चौकातला उपदेश आणि दुसरीकडे हे सगळं, अशी फाळणी त्या लोकांनी केली नव्हती. ती आपण आत्ता करतोय.

आणि 'तिथल्या तिथे' म्हणाल तर नारायण वामन टिळकांचंच घ्या, ज्यांची पदं आपण दर रविवारी गातो. १८९३ मध्ये आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्याशी गप्पा मारल्या आणि जाताना नवा करार हातात ठेवला. टिळक त्यातल्या येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाशी आले आणि पुस्तक खाली ठेववेना. बाप्तिस्मा झाला फेब्रुवारी १८९५ मध्ये. मधला काळ वाचन, शंका आणि पत्रव्यवहार यांत गेला. लक्ष्मीबाईंना तर त्यानंतर आणखी काही वर्षं लागली. त्या डब्यातल्या प्रवाशाला आजचा मेसेजवाला म्हणाला असता, 'भाऊ, तू सुवार्तेत पाणी घातलंस.'

'प्रश्न विचारू देणं म्हणजे देवाच्या वचनावर मतदान.' हा चौथा मुद्दा वाचून मला खरोखर वाईट वाटलं. प्रेषितांची कृत्ये १७ उघडा. प्रेषित पौल अथेनैच्या (अथेन्सच्या) बाजारात भेटेल त्याच्याशी रोज वाद घालतोय. अरीयपग या टेकडीवरच्या सभेत उभा राहून त्यांच्याच कवींची ओळ त्यांना ऐकवतोय. बिरुयातल्या लोकांनी पौलाचं बोलणं शास्त्राशी ताडून पाहिलं, त्याबद्दल त्यांना शाबासकीच मिळाली. इफिसात तो तुरन्नाच्या पाठशाळेत दोन वर्षं रोज चर्चा करत होता, कोर्सच म्हणायचा. आणि अथेनैतल्या त्याच भाषणाचा शेवट? पश्चात्ताप करा, न्यायाचा दिवस नेमलेला आहे. ऐकून काही हसले, काही म्हणाले पुन्हा ऐकू, थोडे विश्वासात आले. हसणाऱ्यांसाठी त्याने शेवट बदलला नाही, आणि 'पुन्हा ऐकू' म्हणणाऱ्यांना घाईही केली नाही.

नवापूर भागातल्या एका मंडळीतला गट मी बसून पाहिलाय. पत्र्याचा हॉल, सतरंजी, कोपऱ्यात भांडी घासण्याचा आवाज. धुळ्याकडून तिथे सून म्हणून आलेली एक बाई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "येशूले मी मानस. पन घरनी देवी सोडनी पडी का?" गटप्रमुख पोरगा, तिच्या मुलाच्या वयाचा. त्याने इकडेतिकडे पाहिलं, पण टाळलं नाही. म्हणाला, "हो मावशी, सोडावी लागते. पण घाई करू नका. घरी बोला, कुणाशी भांडून येऊ नका." चौकातल्या भोंग्यासमोर त्या बाईने हा प्रश्न विचारलाच नसता. विचारला नसता तर तिला उत्तर मिळालं नसतं, आणि तिने देवी आणि येशू शेजारी-शेजारी ठेवून बाप्तिस्मा घेतला असता. आता सांगा, पातळ काय झालं असतं?

राहिला शेवटचा, 'कोर्समधून आलेले टिकत नाहीत'. इथे मेसेजवाल्यांच्या हाताशी एक पक्का पुरावा होता, तो त्यांनी वापरलाच नाही. अमेरिकेतल्या विलो क्रीक या मोठ्या चर्चने २००७ मध्ये स्वतःचाच अभ्यास प्रसिद्ध केला आणि कबूल केलं की कार्यक्रमांना जास्त हजेरी लावल्याने माणूस आत्मिकदृष्ट्या वाढतोच असं नाही. हजेरी म्हणजे शिष्यत्व नव्हे, हे ज्यांनी कार्यक्रमांवर आयुष्य घातलं त्यांनीच सांगितलं.

पण हे लागू कुणाला होतं? आपल्याकडे सगळ्यात जास्त ते चंगाई सभेला, म्हणजे आजार बरे करण्याच्या प्रार्थनासभेला, लागू होतं, कोर्सला नाही. मंडप, लाईट, तीन रात्री. 'डोळे मिटा, हात वर करा, माझ्यामागे म्हणा.' मोजणारे मागे उभे असतातच. सकाळी आकडा फोटोसकट वर पाठवला जातो. पत्ता घेतला का, पुढच्या रविवारी कोण भेटायला जाणार, हे विचारलं तर आयोजक घड्याळ बघतात. तिथे भाषण चांगलं तासभर पापावर झालेलं असतं, आवाज चढवून. तरी त्यात एक गोष्ट नसते, ती म्हणजे किंमत. बुरूज बांधण्याआधी बसून खर्च काढा, असं प्रभूने सांगितलं. श्रीमंत तरुण खिन्न होऊन निघून गेला, तेव्हा त्याला हाक मारून सवलत दिली नाही.

खान्देशात तो खर्च काय हे प्रत्येक गटप्रमुखाला ठाऊक असायला हवं. होळीच्या वेळी गावाशी वाकडं येईल का, मयत झाल्यास माती कुठे द्यायची, मुलीचं लग्न कुठे जमणार. आणि जातीच्या दाखल्याचं. अनुसूचित जातींबाबतच्या १९५० च्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा माणूस ख्रिस्ती झाला की त्याची अनुसूचित जातीची सवलत जाते. अनुसूचित जमातीच्या माणसाला धर्माची अशी अट नाही, म्हणून नंदुरबारच्या भिल्ल-मावची भावाचा दाखला आज जात नाही, पण भुसावळच्या दलित भावाचा जातो. जमातींनाही हीच अट लावा, अशी 'डिलिस्टिंग'ची मागणी चालू आहे, तेही त्यांना सांगावं लागेल. हे सगळं भोंग्यावरून सांगता येत नाही. त्याला आठवडे लागतात, सतरंजी लागते, आणि हो, जेवणही लागतं, कारण दिवसभर ऊसतोड करून आलेला माणूस रात्री आठला उपाशीपोटी कायदा ऐकत नाही.

म्हणून हा मेसेज ज्या ग्रुपवर येईल तिथे पाठवणाऱ्याला एवढंच विचारा, की तुमच्या मंडळीच्या गेल्या सभेत ज्यांनी हात वर केले, त्यांची नावं कुणाकडे आहेत.