व्हिम, व्हीएस कोड आणि शिकणाऱ्याचा पहिला एडिटर : एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, सप्रेम नमस्कार.

वेब डेव्हलपमेंट शिकणाऱ्यांनी व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरपासून सुरुवात करावी, असं मी लिहिलं आणि त्यावर तुमची प्रतिक्रिया आली. थोडक्यात तुमचं म्हणणं असं : मायक्रोसॉफ्टची फुकटची वस्तू मुलांच्या हातात देऊन मी त्यांना एका कंपनीला बांधून टाकतेय, ती चार जीबीच्या लॅपटॉपवर रखडते, ती एवढं सुचवत बसते की मुलांना स्वतःचं काही येतच नाही, आणि खरं शिकायचं तर तुमच्यासारखं आधी नोटपॅडवर हात बसवावा, मग व्हिमकडे, म्हणजे सगळं कीबोर्डवरून चालवायच्या जुन्या एडिटरकडे, जावं. शेवटी देवासच्या तुमच्या भाच्यासाठी सल्लाही विचारलात. प्रतिक्रिया कडक आहे, पण विचार करून लिहिलेली आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

नोटपॅडपासून सुरू करते, कारण माझा खरा मतभेद तिथेच आहे.

आमच्या इंदूरमधल्या भंवरकुआँच्या वर्गात खरगोन, धार, बुऱ्हाणपूरहून आलेली मुलं असतात. दिवसा कॉलेज, संध्याकाळी वर्ग, आणि रात्री खोलीवर एकट्याने सराव. त्या वेळी शेजारी विचारायला कुणी नसतं. अशाच एका मुलीने सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत, रंगाची ओळ लिहिली आणि शेवटचं सेमीकोलन राहून गेलं. खालच्या ओळीत मार्जिन होतं. आता ब्राउझर काय करतो? त्याला या दोन ओळी मिळून एकच चुकीचं वाक्य दिसतं आणि तो ते अख्खं टाकून देतो. रंगही जातो, मार्जिनही जातं. पानावर एका शब्दाची तक्रार येत नाही. ती मुलगी रात्रभर मार्जिनचे आकडे बदलत बसली, कारण तिच्या नजरेला बिघाड मार्जिनमध्ये होता. ती नोटपॅडवर काम करत होती. व्हीएस कोडमध्ये तिथेच लाल रेघ उमटली असती. रेघ कधी कधी लगतच्या ओळीवर पडते, पण तिच्यावर माउस नेला की सेमीकोलन हवंय हे कळतं. प्रॉपर्टीचं स्पेलिंग चुकलं तरी खाली रेघ येते.

सेमीकोलन शोधण्यात गेलेल्या रात्रीतून वेब शिकायला मिळत नाही. मिळतो तो फक्त ‘हे आपल्याला जमणार नाही’ हा समज, आणि त्या समजापायी चांगली मुलं वर्ग सोडून जातात. माझं ठाम मत आहे की पहिला एडिटर निवडताना सराईताचा हात किती वेगाने चालेल हे बघूच नये. शिकणारा एकटा असताना चुकला तर त्याला काय दिसेल, एवढंच बघावं.

व्हीएस कोड सगळं दाखवतो असं मात्र मी म्हणत नाही. एचटीएमएलमध्ये, म्हणजे पानाचा सांगाडा लिहायच्या भाषेत, एखादा डिव्ह (पानातला कप्पा) बंद करायचा राहिला तर नुसता बसवलेला व्हीएस कोड गप्प राहतो. त्यासाठी मी मुलांना डब्ल्यू-थ्री-सी या वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या व्हॅलिडेटरवर, म्हणजे चुका तपासणाऱ्या साइटवर, पान टाकून बघायला लावते, तेही रोज.

आता व्हिम. ब्रॅम मूलेनार यांनी 1991 साली जगापुढे ठेवलेलं हे साधन अजूनही टिकून आहे आणि तुमचा त्यावर जीव का आहे हे मला समजतं. पण आज व्हिम आणि व्हीएस कोड यांच्यातली भिंत तुम्ही मांडलीत तेवढी उंच राहिलेली नाही. ती लाल रेघ एडिटर स्वतः ठरवत नाही. मागे एक वेगळा प्रोग्राम चालतो, तो कोड वाचतो आणि चुका कळवतो. दोघांनी आपसात कसं बोलायचं याचे नियम म्हणजे लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल. तो व्हीएस कोडच्याच कामातून निघाला आणि 2016 मध्ये सगळ्यांसाठी खुला झाला. व्हिमवरूनच बनलेल्या निओव्हिमच्या 2021 मध्ये आलेल्या 0.5 आवृत्तीपासून त्याची सोय निओव्हिमच्या आतच आहे. म्हणजे उद्या माझी विद्यार्थिनी तुमच्याकडे आली तर ती रेघ तिच्यासोबत येईल. फक्त तिची मांडणी आधी करावी लागते, आणि पहिल्याच आठवड्यात कॉन्फिग फाइल, म्हणजे सेटिंगची फाइल, लिहायला लावणं मला पटत नाही.

एक अडचण खास आपली आहे. मुलांनी इथल्याच एका मराठी मंडळाच्या गणेशोत्सवाचं पान केलं. कार्यक्रम पुढे ढकलला गेला, म्हणून पूर्ण फोल्डरमध्ये ‘दुसऱ्या दिवशी’ शोधून ‘तिसऱ्या दिवशी’ करायचं होतं. काही ठिकाणी बदललं, काही ठिकाणी तसंच राहिलं. डोळ्यांना सगळीकडे तेच अक्षर दिसत होतं. झालं होतं असं की मजकूर अनेकांनी वेगवेगळ्या कीबोर्डवरून पाठवला होता. कुणाच्या मजकुरात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि पुढे हलन्त होतं, तर कुणाच्या मजकुरात साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर झिरो विड्थ जॉइनर, म्हणजे अक्षरं जोडणारं न दिसणारं चिन्ह. कॉम्प्युटरच्या लेखी हे दोन वेगळे शब्द. शोधाच्या चौकटीत रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे एकाच नमुन्याने अनेक रूपं शोधायची सोय, चालू करून दोन्ही रूपं एकदम पकडली, तेव्हा काम झालं. व्हिममध्ये ‘जीए’ दाबलं की कर्सरखालच्या अक्षराचा कोड दिसतो, आणि अशा वेळी ती सोय फार मोलाची आहे. पण व्हिम सहसा टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, चालतो आणि बऱ्याच टर्मिनलमध्ये काना-वेलांटी विस्कटते, जोडाक्षरं तुटतात, कर्सर एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे होतं. ज्यांना मराठी पानं करायची आहेत, त्यांच्यासाठी ही गोष्ट छोटी नाही.

कंपनीला बांधून घेण्याची तुमची भीती रास्त आहे. गिटहबचा ॲटम हा एडिटर मुलांच्या पिढीने डोक्यावर घेतला होता. 15 डिसेंबर 2022 ला त्याला कुलूप लागलं. ॲडोबीने ब्रॅकेट्स तर खास वेबसाठीच काढला होता, त्याचा आधार 1 सप्टेंबर 2021 ला काढून घेतला. व्हीएस कोडचा मूळ कोड एमआयटी लायसन्सखाली खुला आहे, पण आपण डाउनलोड करतो ती तयार प्रत मायक्रोसॉफ्टच्या वेगळ्या अटींवर येते आणि वापराची माहिती पाठवते. सेटिंगमध्ये टेलिमेट्री ‘ऑफ’ करता येते आणि वर्गात आम्ही ते पहिल्या दिवशी करतो. ज्याला तेवढंही नको, त्याने त्याच खुल्या कोडपासून बनवलेला व्हीएसकोडियम घ्यावा. त्याची एक्स्टेन्शन्स (वरून जोडायच्या सोयी) ओपन व्हीएसएक्स या साठ्यातून येतात, तिथे मायक्रोसॉफ्टची स्वतःची काही मिळत नाहीत, पण एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट शिकताना त्यावाचून अडत नाही.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे एडिटर बदलला तरी हातात राहील असं काम मुलांना आधी शिकवते. गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन, टर्मिनलमधून चालवायचं, बटणं दाबून नाही. ओळीआधी किती जागा सोडायची हे प्रोजेक्टमधल्या एडिटरकॉन्फिग फाइलमध्ये लिहायचं, म्हणजे कुठल्याही एडिटरमध्ये उघडलं तरी तेच. कोडची मांडणी आपोआप नीट करणाऱ्या प्रेटियरकडे, त्याचेही नियम प्रोजेक्टसोबत. ॲटम गेला तेव्हा असं काम करणाऱ्यांचं फारसं काही बिघडलं नाही.

सुचवण्याबद्दल मी तुमच्याच बाजूची आहे. एआय पूर्ण फंक्शन लिहून देतो आणि मूल टॅब दाबून पुढे जातं, हे शिक्षण नव्हे. वर्गात ते बंदच असतं. एचटीएमएलचा सांगाडाही सुरुवातीला एमेटने (छोट्या खुणेतून पूर्ण कोड काढणारी सोय) न काढता हाताने लिहायचा, हा नियम आहे.

आता भाचा. चार जीबी रॅम, जुनी फिरणारी हार्ड डिस्क, आणि ब्राउझर सतत उघडा. व्हीएस कोड इलेक्ट्रॉनवर चालतो, म्हणजे पोटात क्रोमियम हा अख्खा ब्राउझर घेऊनच येतो. अशा मशिनवर तो रखडणार हे तुमचं म्हणणं खरं आहे. म्हणून पैसे खर्च करायचेच असतील तर आधी एसएसडी बसवून घ्या. इंदूरच्या सिल्व्हर मॉलमध्ये कुणीही बसवून देईल, आणि त्याने जो फरक पडतो तो एडिटर बदलून पडत नाही. मग व्हीएस कोड टाका, एक्स्टेन्शन्स दोनच ठेवा, लाइव्ह सर्व्हर (केलेला बदल ब्राउझरमध्ये लगेच दाखवतो) आणि प्रेटियर. एसएसडीचं लगेच जमत नसेल तर विंडोजवर नोटपॅड प्लस प्लस, लिनक्सवर जीनी. दोन्ही हलके आणि फुकट आहेत. सब्लाइम टेक्स्टही चपळ आहे, पण कायम वापरायचं तर लायसन्स विकत घ्यावं ही त्यांची अट आहे आणि विद्यार्थ्याला ते परवडत नाही. नोटपॅड प्लस प्लसवर राहिला तर सीएसएसची फाइल दर वेळी डब्ल्यू-थ्री-सीच्या सीएसएस व्हॅलिडेटरमधून काढायची सवय त्याला पहिल्या दिवसापासून लावा. सेमीकोलन तिथे सापडेल.