कांद्याच्या मुळाशी जाताना

आमच्या घरात विज्ञान शिरले ते माझ्या एका वाक्यामुळे. ते वाक्य मी गिळले असते तर काचेची चार झाकणे, देवघरातले एक निरांजन आणि आईपुढची माझी उरलीसुरली पत एवढ्या वस्तू आज शाबूत असत्या. दहावीतली कन्या रात्री साडेनऊ वाजता ‘पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था’ असे रामरक्षेच्या चालीत घोकत बसली होती. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्यामुळे विज्ञानाबद्दल माझी मते फार ठाम आहेत. वर्तमानपत्रातून डोके वर काढून मी म्हणालो, “हे नुसते पाठ करून काय उपयोग? पेशी कशी विभागली जाते ते डोळ्यांनी पाहायला हवे.”

“दाखवा मग,” कन्या म्हणाली आणि पुस्तक मिटून मोकळी झाली.

शेजारच्या काकू वनस्पतिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका आहेत आणि त्यांच्याकडे स्वतःचा सूक्ष्मदर्शक आहे, हे मला ठाऊक होते. म्हणूनच मी एवढे धाडस केले होते. “कांदा तेवढा आणा, बाकी सगळे माझ्याकडे आहे,” असे त्यांनी सांगितले. नाशिकमध्ये राहणाऱ्या माणसाला कांदा आणायला सांगणे म्हणजे पंढरपुरात बुक्का शोधायला लावण्यासारखे आहे. तरीही कांदाच का, असे मी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या की कांद्याला मुळे लवकर फुटतात, त्याची गुणसूत्रे चांगली ठसठशीत असतात आणि ती मोजकी सोळाच असतात. माणसाची सेहेचाळीस, आणि तीही बारीक. नवशिक्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये.

जुनी वाळकी मुळे खरवडून कांदा पाण्याने भरलेल्या चहाच्या ग्लासवर बसवला आणि ग्लास ओट्याजवळच्या खिडकीत ठेवला. तिसऱ्या दिवशी त्याला म्हाताऱ्याच्या दाढीसारखी पांढरी मुळे फुटली. त्याच दिवशी त्या कांद्याचे कांदेपोहे होता होता राहिले, कारण आईच्या मते स्वयंपाकघरातला कांदा हा कांदाच असतो, त्याला शैक्षणिक मूल्य वगैरे नसते.

मुळे सकाळी साडेआठच्या सुमारास कापावीत, त्या वेळी विभाजन जोरात चाललेले असते, अशी काकूंची सूचना होती. मी मुळे अगदी वेळेवर कापली, मात्र कांद्याच्या बाजूची जाडजूड टोके ठेवली आणि खालची नाजूक टोके केरात टाकली. काकूंनी कपाळाला हात लावला. मुळाच्या अगदी शेवटच्या एक-दोन मिलिमीटरमध्येच विभाजी ऊती असते. त्याच्या वरच्या पेशी विभाजनाचे काम आटोपून नुसत्या लांब होत असतात, म्हणजे थोडक्यात निवृत्त झालेल्या असतात. दुसऱ्या दिवशी नवी मुळे कापली आणि या वेळी टोके सांभाळून एक भाग ॲसिटिक आम्ल व तीन भाग अल्कोहोल यांच्या मिश्रणात चोवीस तास बुडवून ठेवली. हे मिश्रण मुळातल्या प्रत्येक पेशीला जागच्या जागी गोठवते. मुले खेळताना ‘स्टॅच्यू’ म्हणतात तसेच हे असते. फरक एवढाच की येथे कोणी पुन्हा हलत नाही. त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली विभाजन चाललेले दिसेल ही माझी कल्पना तेथेच निकालात निघाली. दिसते ती वेगवेगळ्या क्षणी अडकलेल्या पेशींची गर्दी. त्यांचा क्रम आपणच मनाशी लावायचा असतो.

मग मुळे पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात मऊ करून त्यांच्यावर ॲसिटोकारमाइन नावाचा लाल रंग घातला. मुळे ठेवलेली काचेची पट्टी किंचित गरम करायची होती आणि काकूंच्या दिव्यातले स्पिरिट संपलेले होते, तेव्हा मी देवघरातले निरांजन आणले. हे कदाचित खपून गेले असते. परंतु कन्येने आजीला ज्ञान देण्याच्या भरात सांगितले की कारमाइन हा रंग निवडुंगावर जगणाऱ्या किड्यांपासून काढतात. आईने निरांजनाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि ती काही बोलली नाही. ते निरांजन आता माझ्या टेबलावर असून मी त्यात टाचण्या ठेवतो.

यापुढची पायरी अंगठ्याची. रंगलेल्या टोकावर काचेचे पातळ झाकण ठेवून, त्यावर टीपकागद धरून, अंगठ्याने सरळ खाली दाबायचे म्हणजे पेशी एकमेकींपासून सुटून एका थरात पसरतात. अंगठा बाजूला जराही सरकता कामा नये. माझा अंगठा तीस वर्षे नोटा मोजण्यात गेलेला असल्यामुळे त्याला पुढे सरकण्याखेरीज दुसरे काही ठाऊक नाही. चार झाकणे फुटल्यावर काकूंनी माझा हात बाजूला केला आणि पाचवे स्वतः दाबले.

पहिल्या दर्शनात मला गुलाबी विटांची भिंत दिसली. प्रत्येक विटेत एक गोल ठिपका होता, आणि बहुतेक ठिपके आतून दार लावून बसल्यासारखे निवांत होते. ही आंतरावस्था. “या पेशी काहीच करत नाहीत,” असे मी म्हणताच काकूंनी दुरुस्ती केली, की याच काळात पेशी आपल्या सगळ्या डीएनएची दुसरी प्रत काढून ठेवते आणि त्यानंतरच वाटणीला बसते. आमच्या आजोबांनी आधी वाटणी केली, आणि अडीच एकरांच्या प्रती अजूनही न्यायालयात निघत आहेत.

पट्टी हळूहळू सरकवता सरकवता एका पेशीत ठिपक्याऐवजी दोऱ्यांचा गुंता दिसला. सूत्री विभाजनातले सूत ते हेच. वॉल्थर फ्लेमिंग यांनी 1882 मध्ये या प्रकाराला ग्रीक भाषेतल्या दोऱ्यावरूनच ‘मायटोसिस’ हे नाव दिले होते. शेजारच्या पेशीत तो गुंता सुटून आखूड, जाड गुणसूत्रे मधोमध रांगेत उभी होती. आणि एका कोपऱ्यात, मी जवळजवळ ओलांडून गेलो होतो तेथे, पश्चावस्था सापडली: दोन लाल झुबके एकमेकांकडे पाठ करून दोन टोकांना निघालेले, आणि प्रत्येक गुणसूत्र कमरेला धरून ओढल्यासारखे, हातपाय मागे फरफटत चाललेले. ओढणारे तर्कूतंतू या रंगात दिसत नाहीत, त्यामुळे सगळे आपल्या मर्जीने भांडून निघाल्याचा भास होतो. पुढे वनस्पतिपेशी मधोमध चक्क भिंत घालते. येथे मला आमचे चुलतकाका आठवले.

आता मोजणी. मला चौदा गुणसूत्रे दिसली, कन्येला सतरा. काकूंनी न पाहताच सोळा सांगितली. मी खजील झालो, तेव्हा त्यांनीच धीर दिला. थिओफिलस पेंटर यांनी 1923 मध्ये माणसाची गुणसूत्रे अठ्ठेचाळीस असल्याचे सांगितले आणि पुढची तीसहून अधिक वर्षे भल्याभल्यांना अठ्ठेचाळीसच दिसत राहिली. स्वीडनमधल्या लुंड येथे जो हिन चिओ आणि आल्बर्ट लेवान यांनी नीट मोजून 1956 मध्ये सेहेचाळीस हा आकडा छापला. त्यांतले लेवान हे कांद्याच्या मुळांवर काम करण्यात मुरलेले होते, हे ऐकल्यावर मला खिडकीतल्या त्या ग्लासाबद्दल एकदम आदर वाटू लागला.

एवढ्यात आई चहा घेऊन आली, म्हणून काकूंनी तिलाही थोडे विज्ञान वाढले. बीजांडे तयार होताना अर्धगुणसूत्री विभाजन होते, म्हणजे सेहेचाळिसांची तेवीस होतात. परंतु स्त्रीच्या शरीरात हे काम ती स्वतः तिच्या आईच्या पोटात असतानाच सुरू होते आणि पहिल्याच पूर्वावस्थेत जे थांबते ते अनेक वर्षांनी पुढे सरकते. म्हणजे ज्या बीजांडापासून मी झालो, ते आई जन्मण्यापूर्वीच अर्धवट अवस्थेत तयार होते आणि सव्वीस वर्षे तसेच बसून होते.

आईने कप खाली ठेवला. “तरीच,” ती म्हणाली. “काम हातात घ्यायचे आणि अर्ध्यावर टाकून बसायचे, हे याचे तेव्हापासूनचे आहे.”

कन्येने शेवटी जर्नलमध्ये पुस्तकातल्या चार आकृत्या उतरवल्या. त्यांत सुबक गोल पेशी होत्या, प्रत्येकीत दोन लाल व दोन निळी गुणसूत्रे होती आणि खाली लिहिले होते, ‘कांद्याच्या मुळाच्या टोकाचे प्रत्यक्ष निरीक्षण’. तिला पैकीच्या पैकी गुण मिळाले. उरलेली बारा गुणसूत्रे कोठे गेली असे विचारण्याचा मोह मी आवरला, कारण ती पुन्हा “दाखवा मग” म्हणाली असती, आणि काकूंकडे आता एकच झाकण शिल्लक आहे.