‘लिबर्टेरियनांना विकत घेता येत नाही’ हा दावा खोटा आहे

घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर भाच्याने एक लांबलचक फॉरवर्ड टाकला. दावा असा: अमेरिकेतल्या लिबर्टेरियन (सरकार शक्य तितकं लहान असावं असं मानणाऱ्या) राजकारणाला श्रीमंत लोक विकत घेऊच शकत नाहीत, कारण सरकार लहान केलं की विकत घेण्यासारखं काही उरत नाही. भाचा इंजिनीअरिंगला आहे, हुशार आहे, आणि खाली ‘शंभर टक्के सहमत’ लिहून मोकळा झाला. म्हणून हे उत्तर. फॉरवर्डमधले मुद्दे अवतरणात, खाली माझं म्हणणं.

‘डेव्हिड कोक यांनी 1980 मध्ये निव्वळ विचारांसाठी उपाध्यक्षपदाची निवडणूक लढवली.’

सगळ्यात संताप याच मुद्द्याचा येतो. तेव्हा अमेरिकेत एका माणसाला एका उमेदवाराला एका निवडणुकीसाठी 1000 डॉलरच देता येत. 1976 मध्ये बकली विरुद्ध व्हॅलेओ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही मर्यादा कायम ठेवली, पण उमेदवाराने स्वतःच्या प्रचारावर स्वतःचा पैसा किती घालावा यावरची मर्यादा काढून टाकली. म्हणजे देणगीदार असाल तर हजार, उमेदवार असाल तर वाटेल तेवढे. डेव्हिड कोक हे कोक इंडस्ट्रीज या तेलशुद्धीकरणाच्या घरच्या धंद्यातले भागीदार. कुठल्याही पदावर कधी निवडून आलेले नाहीत. त्यांनी लिबर्टेरियन पक्षाच्या प्रतिनिधींना उघड कळवलं की उमेदवारी द्या, मी प्रचाराला लाखो डॉलर देतो. पक्षाने दिली. त्यांनी वीस लाख डॉलरच्या आसपास ओतले. अध्यक्षपदाचे उमेदवार एड क्लार्क आणि कोक या जोडीला नऊ लाखांवर मतं पडली, जेमतेम एक टक्का. निवडून येणार नाही हे त्यांना ठाऊक होतं, हे मान्य. पण पैशाच्या बोलीवर उमेदवारी मिळालेल्या माणसाला ‘विकत न घेता येणाऱ्या’ पक्षाचा पुरावा म्हणून पुढे करायचं?

‘लहान सरकारात विकत घ्यायला काही नसतं.’

असतं. सरकार नेमकं कुठे कापायचं, हेच विकत घेतलं जातं. त्या वर्षीच्या पक्षाच्या जाहीरनाम्यात आयकर नको, किमान वेतन नको, सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन) नको, आणि पर्यावरण संरक्षण संस्थाही नको, असं लिहिलं होतं. आता 2000 सालाकडे या. कोक इंडस्ट्रीजच्या पाइपलाइनींतून सहा राज्यांत तीनशेहून अधिक वेळा तेल गळलं, म्हणून कंपनीने तीन कोटी डॉलर दंड भरायचं कबूल केलं. दंडाची ती कारवाई याच पर्यावरण संस्थेची आणि न्याय खात्याची. 1980 चा जाहीरनामा अमलात आला असता तर ओढ्यानाल्यांत तेल आलेल्या लोकांनी दाद कुणाकडे मागायची होती? भाच्याने या एका प्रश्नाचं उत्तर द्यावं.

‘कॅटोसारख्या संस्थांत देणगीदार ढवळाढवळ करत नाहीत.’

कॅटो इन्स्टिट्यूट ही लिबर्टेरियन धोरणं मांडणारी संस्था 1977 मध्ये डेव्हिड यांचे भाऊ चार्ल्स कोक यांच्या पैशावर उभी राहिली. तिचे चक्क शेअरहोल्डर होते. संस्थापकांपैकी अर्थतज्ज्ञ मरे रॉथबार्ड यांचं कोक गटाशी बिनसलं आणि 1981 मध्ये त्यांना बाहेर काढलं. 2012 मध्ये एका दिवंगत शेअरहोल्डरच्या शेअरवरून कोक बंधूंनी कॅटोविरुद्ध कोर्टात धाव घेतली, तेव्हा ‘संस्था ताब्यात घेऊ पाहताहेत’ अशी ओरड कॅटोच्याच लोकांनी केली. तडजोडीत शेअरची पद्धत गेली, आणि अध्यक्ष एड क्रेन यांनाही जावं लागलं.

अर्धं सत्य आहे ते मान्य करतो. सवलती आणि अनुदानं लाटणारे उद्योगपती लिबर्टेरियनांना आवडत नाहीत. कॅटोने इराक युद्धाला विरोध केला, कोक यांच्या संघटनांनी ट्रम्प यांच्या आयातशुल्कांना केला. ही माणसं मनापासून बोलत असतील. पण त्यांच्या मतांपैकी ज्यांना पैसा मिळाला तीच दूरवर पोचली, हे त्यामुळे बदलत नाही.

‘आपल्याकडे शरद जोशी हेच सांगत होते.’

हे वाचून मला राहवलं नाही. ज्या 1980 मध्ये कोक उमेदवारी मिळवत होते, त्याच वर्षी चाकणला आणि नाशिक जिल्ह्यात शेतकरी कांद्याच्या भावासाठी रस्त्यावर बसले होते. याच भाच्याचे आजोबा जोशींच्या शेतकरी संघटनेचा बिल्ला छातीला लावून हिंडायचे, घरची भाकरी बांधून सभेला जायचे. सरकारने बाजारातून हात काढावा, ही मागणी दोन्हीकडे होती. पण इथे ती ज्यांचा माल मातीमोल जात होता त्यांनी केली, आणि लाठ्याही त्यांनीच खाल्ल्या. शरद जोशींच्या मतांशी वाद घाला, मीही घालतो. कोक यांच्या रांगेत त्यांचं नाव बसवू नका.

‘डावेही अब्जाधीशांचे पैसे घेतातच.’

घेतात. मग सगळ्यांचीच नावं आणि रकमा उघड्या असू द्या. 1980 च्या त्या जाहीरनाम्यात निवडणूक खर्चाचे कायदे आणि त्यांवर देखरेख करणारा आयोग, दोन्ही रद्द करा अशी मागणी होती. उमेदवार कोक यांनी किती पैसे ओतले, हे त्याच कायद्यांमुळे आज आपल्याला कळतं.