कमिटी नेमताना गुण पारखून घ्या

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. म्हणजे ती २९ तारखेलाच, रात्री नऊला, पार्किंगमध्ये होणार. यंदा कमिटीची निवडणूकही आहे आणि एकदा बसलेली माणसं ५ वर्षं उठत नाहीत. तेव्हा सोसायटीतली पदं वाटताना ज्याचा त्याचा अंगभूत गुण नीट हेरा.

अध्यक्षासाठी आवाज बघा. माइक बंद पडला तरी बी विंगपर्यंत पोचतो ना? झालं तर मग. कन्व्हेयन्स, म्हणजे बिल्डरकडून जमीन सोसायटीच्या नावावर करून घेणं, हे त्यांना ठाऊक नसेल तर फारच छान. जमीन अजून बिल्डरच्याच नावावर आहे हे ज्याला कळतं त्याची झोप उडते, आणि झेंडावंदनाच्या फोटोत अध्यक्ष ताजेतवाने दिसायला हवेत.

सेक्रेटरी फोन न उचलणारा हवा. हा गुण शिकवून येत नाही. गळतीची तक्रार घेऊन गेलात की 'लेखी द्या', लेखी दिलीत की 'अहो, एवढ्यासाठी अर्ज कशाला, तोंडी सांगायचं ना!'

चहाचं बिल आलं की चपला शोधायला उठतो, तो खजिनदार. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे, दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठीची गंगाजळी) ०.२५ टक्के धरायचा असतो. हे तोंडपाठ असलेले एक निवृत्त ऑडिटर तिसऱ्या मजल्यावर राहतात, पण त्यांच्या वाटेला जाऊ नका. पावत्या मागतात. कोजागरीला मसाला दुधाचे पेले मोजायला बसवा, हिशेबाची हौस फिटेल.

राहिल्या ४०२मधल्या काकू. टँकर कुठे अडकलाय, पंप का तापतो, कुठला व्हॉल्व्ह किती आटे फिरवला की ए विंगला पाणी चढतं, सगळं त्यांना माहीत. प्लंबरसुद्धा आधी त्यांची बेल वाजवतो. अशा कर्तबगार बाईंना महिला राखीव जागेवर बिनविरोध निवडून आणा आणि २६ जानेवारीची रांगोळी सोपवा. पाणीपुरवठा बघायला दुबईतले सभासद आहेत. रात्री टाकी वाहू लागली तर तिथून ते काकूंनाच फोन लावतील.

एकच अडचण उरते. थकबाकीदाराला निवडणूक लढवता येत नाही, आणि आपले भावी अध्यक्ष नेमके त्याच यादीत आहेत. काळजी नको, अर्ज भरायच्या आदल्या दिवशी चेक देतील. तो वटला का, हे बघणं खजिनदाराचं काम. ते चपला शोधताहेत.