हार्ड-फ्लोटचा फ्लॅग दिला म्हणून एफपीयू चालू होत नाही

ऑपरेटिंग सिस्टिमशिवाय कॉर्टेक्स-एम४ (एआरएमचा मायक्रोकंट्रोलरसाठीचा प्रोसेसर) बोर्डवर काम सुरू करणाऱ्यांना एक सल्ला सर्रास मिळतो: कंपायलरला हार्ड-फ्लोट (दशांशाची गणितं हार्डवेअरवर करण्याचा फ्लॅग) सांगा, एफपीयू, म्हणजे ती गणितं करणारा प्रोसेसरचा भाग, आपोआप चालतं, नाहीच चाललं तर मेन फंक्शनच्या पहिल्या ओळीत चालू करा, इंटरप्टची काळजी ऑपरेटिंग सिस्टिमवाल्यांनी करावी. या सल्ल्यामुळे नवी मुलं विनाकारण अडकतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"आपोआप चालतं." नाही चालत. फ्लॅगमुळे कंपायलर फ्लोटिंग पॉइंटच्या इन्स्ट्रक्शन वापरतो, एवढंच. रीसेटनंतर एफपीयू बंदच असतं. प्रोसेसरच्या लेखी ते कोप्रोसेसर १० आणि ११. त्यांची परवानगी सीपीएसीआर (कोप्रोसेसरची परवानगी ठरवणारं) रजिस्टरच्या २० ते २३ या बिटांत असते. चारही बिट १ करायचे, मग डीएसबी आणि आयएसबी (बदल लागू होईपर्यंत प्रोसेसरला थांबवणाऱ्या इन्स्ट्रक्शन) द्यायचे. हे राहिलं तर पहिल्याच फ्लोट इन्स्ट्रक्शनला युसेजफॉल्ट (चुकीच्या इन्स्ट्रक्शनचा अपवाद) येतो, आणि त्याचा वेगळा हँडलरही रीसेटनंतर बंद असल्याने गाडी थेट हार्डफॉल्टमध्ये, म्हणजे सगळ्या फॉल्टच्या शेवटच्या हँडलरमध्ये, जाते. डीबगरमध्ये सीएफएसआरचा (फॉल्टचं कारण नोंदवणारं रजिस्टर) बिट १९ पाहा, तो १ असेल तर कारण हेच. गैरसमज पसरण्याचं कारणही साधं आहे: एसटीएम३२एफ४ या कॉर्टेक्स-एम४ चिपच्या तयार प्रोजेक्टमधलं सिस्टिमइनिट हे फंक्शन हे काम परस्पर उरकतं. स्टार्टअप (मेनच्या आधी धावणारा कोड) स्वतः लिहिला की ते आपल्यावर येतं.

"मेनच्या पहिल्या ओळीत करा." हा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो, कारण तो कधीकधी चालतो. मेनची पहिली ओळ म्हणजे मेनची पहिली इन्स्ट्रक्शन नव्हे. मेनमध्ये फ्लोटची गणितं असतील तर कंपायलर सुरुवातीलाच व्हीपुश (फ्लोटची रजिस्टरं स्टॅकवर ठेवणारी इन्स्ट्रक्शन) टाकू शकतो, म्हणजे तुमची ओळ येण्याआधीच फॉल्ट. आज चाललेला कोड उद्या ऑप्टिमायझेशन बदललं की पडतो. सी++ असेल तर ग्लोबल ऑब्जेक्टचे कन्स्ट्रक्टर मेनच्याही आधी धावतात. त्यामुळे जागा एकच: रीसेट हँडलर (रीसेटनंतर सगळ्यात आधी धावणारा कोड), अगदी सुरुवातीला, शक्यतो असेंब्लीत.

"इंटरप्टची काळजी नको." हे अर्धं खरं आहे. रजिस्टर जपण्याचं काम हार्डवेअर आणि कंपायलर मिळून करतात. पण एफपीयू वापरात असताना इंटरप्ट आला की स्टॅकवरची फ्रेम (जपून ठेवलेल्या रजिस्टरांचा गठ्ठा) ३२ बाइटवरून १०४ बाइटची होते. लेझी स्टॅकिंगमुळे (फ्लोटची रजिस्टरं गरज पडेल तेव्हाच लिहिण्याच्या सोयीमुळे) लिहिण्याचा वेळ वाचतो. जागा मात्र अडतेच. एकात एक तीन इंटरप्ट आले आणि प्रत्येक वेळी एफपीयू वापरात असेल, तर नुसत्या फ्रेमनाच ३१२ बाइट लागतात. लिंकर स्क्रिप्टमधला, म्हणजे मेमरीची वाटणी ठरवणाऱ्या फाइलमधला, स्टॅक हा हिशेब धरूनच ठरवा.