मार्कर वाढलाय, पण कशाने?

अडीच महिन्यांपूर्वी एका मुलाचा मेसेज आला. (त्याला विचारूनच लिहितोय, ओळख पटेल असं काही लिहीत नाही.) वय पंचविशीच्या आसपास. वृषणाचा कॅन्सर, एक वृषण काढलेलं. "दादा, बीईपीच्या ३ सायकल झाल्या, दीड वर्ष सगळं क्लिअर आहे. आता टेस्ट-डेकाची एक सायकल मारली तर चालेल का? सेफ आहे ना?"

दोन ओळींत "सायकल" दोनदा, आणि दोन्ही वेळा अर्थ वेगळा. पहिली केमोची. दुसरी स्नायू वाढवणाऱ्या अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइडची, म्हणजे टेस्टोस्टेरॉन आणि नँड्रोलोनच्या ("डेका") इंजेक्शनांची, दहा-बारा आठवड्यांची. पहिलीतून जगून वाचून बाहेर पडलेल्याला दुसरी का हवीशी वाटते, हे मला त्याला विचारावं लागलं नाही. मी त्याच जागी उभा राहून आलोय.

माझाही कॅन्सर तोच, केमोही तीच. आजारी पडायच्या आधी मी जमिनीवरून १०० किलो सहज उचलायचो. केमो संपल्यावर जिममध्ये गेलो तो नुसता बार उचलायला, २० किलोचा, एकही प्लेट न लावता. तिसऱ्यांदा उचलतानाच हात लटपटायला लागले. शेजारच्या बाकावर एक शाळकरी पोरगा माझ्यापेक्षा जास्त वजन मारत होता आणि मला बघून न बघितल्यासारखं करत होता. त्याचा तो समजूतदारपणा मला कॅन्सरपेक्षा जास्त लागला. त्याच आठवड्यात कुणीतरी खांद्यावर हात ठेवून म्हणालं, "थोडी मदत घे ना." जिममध्ये याला मदत म्हणतात.

मी घेतली नाही. त्यात माझा मोठेपणा काही नाही. केमोनंतर मला सुई दिसली तरी घाम फुटायचा, म्हणून इंजेक्शन बाद. गोळ्यांचा विचार मात्र महिनाभर डोक्यात होता.

"सेफ आहे ना?" याला एका शब्दात उत्तर देणारा माणूस, हो म्हणणारा असो की नाही म्हणणारा, मला फसवा वाटतो. म्हणून जरा लांबण लावतो.

आधी एक गोंधळ मिटवू. "केमोत डॉक्टरांनी स्टेरॉइड दिलंच होतं की," असं आमच्या घरातही म्हटलं जायचं. ते डेक्सामेथासोन. उलट्या थांबवायला आणि इतर काही कारणांसाठी देतात. ते स्टेरॉइड वेगळ्या घराण्यातलं. फार दिवस घेतलं तर स्नायू उलट झिजवतं. नाव एक म्हणून काम एक नव्हे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. मी स्वतः टेस्टोस्टेरॉन घेतो. हो. जेल आहे, रोज सकाळी खांद्यावर लावतो आणि घरातल्या लहान मुलांच्या अंगाला लागू नये म्हणून लगेच शर्ट घालतो. एक वृषण उरलं तरी बहुतेकांचं भागतं. पण केमोनंतर काहींचं उरलेलं वृषणही मंदावतं, आणि मी त्या काहींमधला निघालो. उपचार संपल्यावर दोन वर्षं मी दुपारी चार वाजता गळून पडायचो, कशातच रस नव्हता, बायकोशी बोलणंसुद्धा कष्टाचं वाटायचं. फॉलोअपला दर वेळी मार्कर (गाठ परतली का याचा इशारा देणारे रक्तातले घटक) बघितले, स्कॅन बघितला, "सगळं छान आहे, या" म्हणाले. टेस्टोस्टेरॉन तपासायचं कुणाच्या मनात आलं नाही. मलाही नाही. शेवटी एका वेगळ्या डॉक्टरांनी दोन निरनिराळ्या दिवशी सकाळी रक्त घ्यायला लावलं. एका तपासणीवर निदान करायचं नसतं, आणि सकाळीच घ्यायचं कारण तेव्हा पातळी सगळ्यात वर असते. साधारण ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली दोन्हीदा आली आणि लक्षणंही असतील तर कमतरता म्हणतात. माझी दोन्हीदा बरीच खाली होती.

तेव्हा मी या औषधाचा शत्रू नाही. पण खड्डा बुजवणं वेगळं आणि सपाट जमिनीवर टेकडी उभी करणं वेगळं. भरपाईसाठी इंजेक्शन देतात तेव्हा आठवड्याला १०० मिलिग्रॅमच्या आगेमागे असतं. जिममधली "पहिली, साधी, बिगिनर" सायकल ३०० ते ५०० पासून सुरू होते आणि वर डेका वेगळं. जागतिक आरोग्य संघटनेने १९९०च्या सुमारास आठवड्याला २०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन पुरुषांसाठी संततिनियमन म्हणून तपासून पाहिलं होतं, आणि बहुतेकांचं वीर्य शुक्राणूशून्य झालं. बाहेरून हार्मोन येतंय म्हटल्यावर मेंदू वृषणाला हुकूम देणं थांबवतो. दोन वृषणं असणाऱ्याला हा जुगार. एकच असणाऱ्याने, तेही बीईपी केमोतलं सिस्प्लॅटिन सोसून आलेलं, तेच पणाला लावायचं म्हणजे काय म्हणावं?

आता मूळ प्रश्न. कॅन्सर परत येईल का? कॅन्सर कोणता, त्यावर आहे. प्रोस्टेटचं नातं सगळ्यांत जुनं. चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवलं की पुरुष हार्मोन बंद केलं की पसरलेला प्रोस्टेट कॅन्सर मागे हटतो. १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं आणि आजही त्या आजारात टेस्टोस्टेरॉन बंद पाडणं हा उपचाराचा कणा आहे. स्तनाच्या कॅन्सरमध्ये (तो पुरुषांनाही होतो) वाट आडून येते: जादा टेस्टोस्टेरॉनचं शरीर इस्ट्रोजेन बनवतं आणि अनेक गाठी त्याच्यावरच पोसतात. यकृताचं तर कोड्यात बोलायला नको. स्टॅनोझोलोल, ऑक्सिमेथोलोन यांसारख्या गोळ्या यकृतात टिकाव्यात म्हणून त्यांच्या रेणूत बदल केलेला असतो, आणि त्या टिकतात त्या यकृताच्याच मुळावर येतात: रक्ताने भरलेल्या पोकळ्या, अ‍ॅडेनोमासारख्या साध्या गाठी, कधी कॅन्सरसुद्धा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइडना १९८७ मध्येच "बहुधा कॅन्सरकारक" अशा २ए गटात टाकलंय. एकदा कॅन्सर होऊन गेलेल्याने त्या यादीतली वस्तू स्वतःहून गिळावी का, हे ज्याचं त्याने बघावं. माझं मत उघड आहे.

वृषणाच्या कॅन्सरची गोष्ट मात्र वेगळी, आणि ती प्रामाणिकपणे सांगायला हवी. तो टेस्टोस्टेरॉनवर पोसला जाणारा कॅन्सर मानत नाहीत. म्हणून तर माझ्यासारख्याला डॉक्टर बिनधास्त जेल लिहून देतात. त्या मुलाने हेच कुठेतरी वाचलं होतं आणि तिथेच थांबला होता. पण ती परवानगी खड्डा बुजवण्याएवढ्या डोसची आहे. पाचपट डोस कॅन्सरमधून वाचलेल्यांना देऊन काय होतं ते पाहू, असा प्रयोग कुणी केलेला नाही आणि कुठलीही नीतिसमिती तो करू देणार नाही. "धोका सिद्ध झालेला नाही" हे वाक्य त्यामुळे कायम खरंच राहील, आणि विकणारे ते कायम वापरत राहतील.

२०२३चा ट्रॅव्हर्स अभ्यासही असाच तोंडावर फेकतात. पाच हजारांवर पुरुष, टेस्टोस्टेरॉन जेल विरुद्ध साधं जेल, हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात वाढले नाहीत. बरोबर. पण ते ४५ ते ८० वयाचे, पातळी मुळातच कमी असलेले लोक होते, जेल ती पातळी सामान्य राहील एवढंच, आणि तरीही फुप्फुसात गुठळी जाणं, हृदयाचे ठोके अनियमित होणं हे त्यांच्यात थोडं जास्त दिसलं. पंचविशीतल्या मुलाच्या टेस्ट-डेकाला त्या अभ्यासाचा काडीचा आधार नाही.

आणि हो, सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँग. हे नाव निघाल्याशिवाय ही चर्चा संपतच नाही. १९९६ मध्ये वृषणाचा कॅन्सर, फुप्फुसात आणि मेंदूत पसरलेला, मग १९९९ ते २००५ सलग सात वेळा टूर द फ्रान्स. २०१२ मध्ये सातही काढून घेतले आणि जानेवारी २०१३ मध्ये त्याने टीव्हीवर कबूल केलं: ईपीओ (लाल रक्तपेशी वाढवणारं हार्मोन), रक्त चढवणं, टेस्टोस्टेरॉन, सगळं. "बघा, घेऊनही जिवंत आहे ना!" आहे. डोळे बांधून हमरस्ता ओलांडलेला एखादा माणूसही जिवंत असतो. आणि लोक विसरतात की डोपिंग तो आजाराच्या आधीही करत होता.

मला स्वतःला कॅन्सर परतण्यापेक्षा हृदयाची काळजी जास्त वाटते. उपचारांनी आमच्या खात्यातून आधीच बरंच काढलेलं असतं. डॉक्सोरुबिसिन हृदयाचा स्नायू दुबळा करतं, छातीवरचं रेडिएशन रक्तवाहिन्या कडक करतं, सिस्प्लॅटिनमधल्या प्लॅटिनमचे अंश उपचारानंतर वर्षानुवर्षं रक्तात सापडतात. त्यावर स्टेरॉइड चांगलं कोलेस्टेरॉल पाडतं आणि रक्त घट्ट करतं. २०१७ मध्ये १४० अनुभवी वेटलिफ्टर पुरुषांची हृदयं तपासली होती. न घेणाऱ्यांचं हृदय एका ठोक्याला सरासरी ६३ टक्के रक्त पुढे ढकलत होतं, घेणाऱ्यांचं ५२ टक्के. ही केमो न झालेली धडधाकट माणसं. आमची सुरुवातच कुठून होते ते पाहा.

पण ज्यासाठी ही पोस्ट लिहायला बसलो ती गोष्ट यापुढची आहे.

मी वरचं बरंचसं त्याला लिहून पाठवलं. दोन दिवस उत्तर नाही. मग आलं: "दादा, खरं सांगू? सुरू केलीय. आठवा आठवडा. वृषण आकसू नये म्हणून एचसीजी पण चालू आहे. पुढच्या आठवड्यात फॉलोअप आहे. डॉक्टरांना सांगितलं तर ओरडतील ना?"

वृषणाचा कॅन्सर झालेल्या प्रत्येकाला बीटा-एचसीजी हे नाव पाठ असतं. हे खरं तर गरोदरपणातलं हार्मोन. प्रेग्नन्सी टेस्टच्या पट्टीवर उमटतं ते हेच, आणि आमच्यातल्या काही गाठी ते बनवतात म्हणून या कॅन्सरमध्ये एखाद्या पुरुषाचीही ती टेस्ट पॉझिटिव्ह येते. फॉलोअपला दर वेळी ते बघतात. वाढलं की पहिली शंका, गाठ परत आली. आणि जिममध्ये वृषण जागं ठेवायला जे इंजेक्शन टोचतात ते हेच एचसीजी! म्हणजे चोर आल्यावर वाजावी म्हणून दाराला घंटा बांधायची आणि स्वतःच रोज ती वाजवायची. त्यातून कधी खरंच चोर आला तर कळायचं कसं? स्तनांना सूज आली तर ती स्टेरॉइडची की गाठीची? यकृताची एन्झाइम वाढली तर गोळ्यांची की आणखी कशाची? जे टॅमॉक्सिफेन स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्ण वर्षानुवर्षं डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतात, ते इथे "पीसीटी" (सायकल संपल्यावर शरीर सावरायला घ्यायचं औषध) म्हणून पाकिटातून काढून दिलं जातं. तेही गुठळ्या करू शकतं, हे पाकीट देणारा सांगत नाही.

मी त्याला फोन केला. म्हटलं, ओरडले तर ओरडू देत, पण सांग. तो "हो दादा" म्हणाला आणि सांगितलं नाही.

रिपोर्टमध्ये एचसीजी वाढलेलं आलं. त्याच संध्याकाळी स्कॅनची तारीख मिळाली. घरात आईवडिलांना पुन्हा तोच पहिला दिवस. दोन दिवस त्याने तोंड उघडलं नाही, कारण त्यालाही खात्री नव्हती. इंजेक्शनमुळेच असेल, पण समजा नसलं तर? तिसऱ्या दिवशी त्याने डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते ओरडले नाहीत म्हणे. नुसते बराच वेळ गप्प बसले, मग सगळं बंद करायला सांगून दर आठवड्याला रक्त तपासायला लावलं. स्कॅन केलाच.

इथे माझा थोडा राग डॉक्टरमंडळींवरही आहे. सगळ्यांवर नाही. "जिमला जाता का? काही घेता का? थकवा येतो का? संबंधांत अडचण?" हे चार प्रश्न प्रत्येक फॉलोअपला विचारायला दोन मिनिटं लागतात. ते विचारले जात नाहीत म्हणून उत्तरं लॉकर रूममध्ये शोधली जातात. व्यायामाबद्दलही "जपून करा" यापलीकडे बरेचदा काही नसतं. स्तनाच्या कॅन्सरनंतर हात सुजलेल्या बायकांना वर्षानुवर्षं वजन उचलू नका सांगत होते. २००९ मध्ये अशा १४१ जणींवर अभ्यास झाला, हळूहळू वजन वाढवत नेलं तरी सूज वाढली नाही. २०२५ मध्ये तर आतड्याच्या कॅन्सरच्या ८८९ रुग्णांवरच्या अभ्यासात नियोजनबद्ध व्यायाम करणाऱ्या गटात पाच वर्षांनी आजारमुक्त असलेले सुमारे ८० टक्के होते, दुसऱ्या गटात ७४. एवढा फरक एखाद्या गोळीने दाखवला असता तर जाहिराती लागल्या असत्या. व्यायाम मात्र कंटाळवाणा आहे. मला परत १०० किलोला पोचायला साडेतीन वर्षं लागली, त्यातलं शेवटचं वर्ष जेलसह. आणि ते १०० पूर्वीसारखे सहज नाहीत.

तीन आठवड्यांनी त्याचा मार्कर शून्याजवळ आला. स्कॅन स्वच्छ. टेस्टोस्टेरॉन मात्र तळाला गेलंय, कारण बाहेरचं बंद आणि आतलं अजून झोपलेलं. काल रात्री मेसेज होता, "दादा, आतलं परत कधी सुरू होईल?"

काहींचं काही महिन्यांत होतं, काहींचं वर्षाहून जास्त लागतं, काहींचं पूर्ण होतच नाही. हे टाइप करून मी दहा मिनिटं बसलो होतो. मग शेवटचा तुकडा खोडला, परत लिहिला आणि पाठवला. दोन निळ्या टिक्स आल्यात.