देवीची लस जेन्नरने भारतातून चोरली नाही

माझ्या आजीच्या चेहऱ्यावर देवीचे वण होते. लहानपणी तिच्या मांडीवर बसून मी गालावरचे ते खळगे बोटाने मोजायचो. तिच्या लहानपणी घरात देवी आल्या, त्यात तिची पाठची दोन भावंडं गेली. ती वाचली, एवढंच. त्यामुळे देवी हा विषय निघाला की मी नुसता वाचून सोडून देऊ शकत नाही.

गेल्या आठवड्यात घरच्या ग्रुपवर काकांनी एक मजकूर पाठवला. बहुतेकांकडे तो फिरून आलाच असेल. त्याचं म्हणणं असं: लस शोधणारा एडवर्ड जेन्नर खरा डॉक्टर नव्हता, पदवी त्याने विकत घेतली. एका अनाथ मुलाच्या जिवाशी खेळून तो गबर झाला. आणि लस मुळात आपलीच, धन्वंतरीच्या ग्रंथात लिहिलेली, ती इंग्रजांनी चोरली. काका, राग मानू नका, पण हे एकेक तपासून बघू या.

आधी पदवी. जेन्नरला 1792 मध्ये स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठाने एम.डी. दिली ती दोन डॉक्टरांच्या शिफारशीवर, परीक्षा न घेता. हे खरं आहे. त्या काळी तिथे पदव्या अशा मिळत. पण तोवर त्याला रोगी तपासत वीस वर्षं होत आली होती. मिसरूडही फुटलं नव्हतं त्या वयात तो एका सर्जनकडे उमेदवारीला लागला. एकविसाव्या वर्षी लंडनला जॉन हंटरचा शिष्य झाला, आणि हंटर म्हणजे त्या काळचा पहिल्या फळीचा शल्यवैद्य. शिकून जेन्नर बर्कलीला, ग्लॉस्टरशरमधल्या आपल्या गावी परतला. 1789 मध्ये रॉयल सोसायटीने, म्हणजे इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञांच्या नामांकित संस्थेने, त्याला सदस्य करून घेतलं ते कोकिळेच्या जातीतल्या तिकडच्या एका पक्ष्यावरच्या अभ्यासासाठी. हा पक्षी दुसऱ्याच्या घरट्यात अंडं घालतो. पिल्लू जन्मतःच आंधळं, अंगावर पीस नाही, तरी ते शेजारचं अंडं आपल्या पाठीच्या खोलगट भागात घेतं आणि मागे सरकत घरट्याच्या काठावरून खाली लोटतं. जेन्नरने हे डोळ्यांनी पाहून लिहिलं. इतक्या बारकाईने बघणारा माणूस भोंदू नव्हता.

आता तो मुलगा. जेम्स फिप्स अनाथ नव्हता, जेन्नरकडे काम करणाऱ्या माळ्याचा मुलगा होता, वय आठ. 14 मे 1796 रोजी जेन्नरने सारा नेल्म्स या गवळणीच्या हातावरच्या फोडातला द्रव त्याच्या दंडावर टोचला. साराला झाला होता तो काउपॉक्स, म्हणजे गाईच्या आचळांवरून लागणारा, देवीसारखाच पण सौम्य आजार. जवळजवळ सात आठवड्यांनी, 1 जुलैला, जेम्सला खऱ्या देवीचा द्रव टोचला. त्याला देवी आल्या नाहीत.

आजच्या नियमांनी हा प्रयोग कुठलीच समिती मंजूर करणार नाही, आणि आठ वर्षांच्या पोराला कुणी विचारलंही नसणार. हा आक्षेप मला मान्य आहे. पण दुसरी टोचणी वाचून अंगावर काटा येतो ना, ती त्या काळी इंग्लंडमधल्या हजारो मुलांना होत होती. मुद्दाम खऱ्या देवीचा द्रव टोचायचा, सौम्य आजार येऊ द्यायचा, जन्माचं संरक्षण मिळवायचं, अशी ती पद्धत. खुद्द जेन्नरला आठव्या वर्षी ती झाली होती. आधी त्याचं रक्त काढलं, रेचकं दिली, उपाशी ठेवलं आणि टोचून झाल्यावर तबेल्यासारख्या जागेत इतर मुलांबरोबर कोंडलं. ते दिवस तो विसरला नाही.

पैशाचं थोडक्यात. संसदेने त्याला 1802 मध्ये 10,000 आणि 1807 मध्ये 20,000 पौंड दिले, हे खरं. पण लसीवर त्याने हक्क सांगितला नाही. बागेतल्या झोपडीत तो गरिबांना फुकट टोचायचा. जेम्सला त्याने पुढे राहायला घर दिलं.

चोरीचा आरोप मात्र सविस्तर बघायला हवा, कारण त्यात आपल्याकडची एक खरी गोष्ट चुकीच्या नावाने सांगितली जाते. बंगाल, ओडिशा, बनारस भागात टीकादार, म्हणजे देवी टोचणारे लोक, होते. हॉलवेल नावाच्या इंग्रजाने 1767 मध्ये त्यांचं काम लिहून ठेवलं. माणसाने महिनाभर आधी मासे, दूध, तूप सोडायचं. मग टीकादार हातावर बारीक ओरखडे काढायचा, आदल्या वर्षीच्या फोडांच्या द्रवात भिजवलेला कापूस त्यावर ठेवायचा आणि वर गंगाजलाचे थेंब सोडायचा. पिढ्यान्पिढ्यांचं कसबी काम होतं ते.

पण तो द्रव माणसाच्या देवीचाच. टोचलेल्याला खऱ्याच देवी यायच्या, थोड्या प्रमाणात, आणि त्याच्यापासून शेजारच्यालाही लागायच्या. काही जण दगावायचेही. काउपॉक्स टोचलेल्याकडून कुणाला देवी लागत नसत. जेन्नरची लस वेगळी ठरते ती इथे. आणि टोचणीची पद्धत इंग्लंडला 1721 पासून माहीत होती, ती तुर्कस्तानातून आलेली. त्यासाठी भारतात चोरी करायला कुणी यायची गरज नव्हती.

गाईच्या द्रवाची कल्पनाही जेन्नरची एकट्याची नव्हे. डॉर्सेटच्या बेंजामिन जेस्टी या शेतकऱ्याने 1774 मध्येच बायकोला आणि दोन मुलांना तो टोचला होता. गवळणींना देवी येत नाहीत हे तिथल्या खेड्यांत बोललं जायचं. ते पारखून बघणं, 1798 मध्ये 23 उदाहरणांसह छापणं आणि मागेल त्याला द्रव पाठवणं, हे जेन्नरने केलं. त्याच्याही चुका झाल्या. एकदा टोचलं की जन्मभर पुरतं असं तो सांगत राहिला, ते खरं निघालं नाही.

राहिला धन्वंतरीचा श्लोक. तो 1819 मध्ये मद्रासच्या वर्तमानपत्रातून पुढे आला. जुन्या कुठल्याही वैद्यकग्रंथात तो सापडलेला नाही. संस्कृतचे अभ्यासक डॉमिनिक वुयास्तिक यांनी हे प्रकरण तपासलं. लोकांनी लस टोचून घ्यावी म्हणून इंग्रजांच्याच बाजूने असे संस्कृत श्लोक रचले गेले होते. आपण अभिमानाने पुढे पाठवतो तो पुरावा कंपनीच्या काळातल्या प्रचाराचा आहे.

आणि काका, लस आपल्याकडे आधीच असती तर 1798 नंतर मुंबईला चार वर्षं वाट का बघावी लागली? द्रवात भिजवलेले धागे व्हिएन्नाहून बगदादला आले, तिथून लस बसऱ्याला गेली आणि मग जहाजाने मुंबईला. वाटेत द्रव सुकून कितीदा वाया गेला होता. 14 जून 1802 रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली आणि लागू पडली. पुढच्या आठवड्यात तिच्याच दंडावरच्या फोडातून आणखी पाच मुलांना टोचलं, आणि तिथून ती पुणे, सुरत, हैदराबादकडे निघाली.